जीभ लाव, मग बोल

ताई, तू जाताना आम्हा तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगून गेलीस, आणि आता त्यातली खरी कोणती हे विचारायला तूच नाहीस. मी याला तुझा शेवटचा खोडसाळपणा म्हणते. तुझा भाऊ म्हणतो, ताई असं करणार नाही, ती मास्तरीण होती. मी म्हणते, मास्तरीण होती म्हणूनच. शेजारशेजारच्या पोरांना वेगवेगळे पेपर देऊन नकला बंद करणारी बाई ती. आम्हा तिघांनाही तसेच बसवून गेली.

प्रश्न तुझ्या पेटीचा आहे. ती हिरवी लोखंडी पेटी, जिच्यात आपल्याच शेतातला कापूस अंथरून तू पैनगंगेतून वेचलेले दात ठेवलेस. गाईचे, घोड्याचे, हत्तीचे, मगरीचे. सगळे दगड झालेले. तुझ्या भावाला तू ओसरीवर सांगितलंस, "माह्या मागं हे सगळं नदीत सोडून दे. नदीचं हाय, नदीले दे." मला सांगितलंस, आपण दोघी उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा, "वंदना, माह्या मागं ही पेटी घरातून हलू देऊ नको. तुह्या नवऱ्याचा भरवसा नाही, नदीत नेऊन टाकन." आणि सलीमभाऊ, ज्याच्या ऑटोतून आपण ढाणकीहून नदीवर जायचो, तो तुझ्या मातीला आला तेव्हा रडता रडता म्हणाला, "भाभी, ताईनं मले सांगतलं होतं, पेटी कॉलेजात नेऊन दे म्हणून. मी जबान दिली हाय."

आता बोल. कोणाचं ऐकायचं?

थांब, आधी 'तू'चं सांगते, नाहीतर वाचणारे भाऊबंद नाराज होतील की ही थोरल्या नणंदेला अरेतुरे करते. घरात मी तुला 'तुम्ही'च म्हणायचे. ताई, तुम्ही चहा घ्या. ताई, तुम्ही उन्हात बसू नका. पण नदीत उतरलं, चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि दोघी गोट्यांमध्ये ओणव्या झालो की तिथं 'तुम्ही' कसं जमणार? पहिल्यांदा माझ्या तोंडून "ताई, तू सरक ना, तुझी सावली पडते" असं निघालं तेव्हा माझं मलाच चर्र झालं. तू मान वर न करता सरकलीस. परत येताना ऑटोत बसलो आणि मी पुन्हा 'तुम्ही'वर आले. ते तसंच चाललं. काठावर तुम्ही, पाण्यात तू. आता तू कुठल्या बाजूला आहेस हे मला कळत नाही, म्हणून पाण्यातलंच वापरते.

तू बाभुळगावची नोकरी संपवून आमच्याकडे कायमची राहायला येणार असं ठरलं, तेव्हा मी काय बोलले होते ते तुझ्या भावानं तुला कधी सांगितलं का, मला ठाऊक नाही. मी म्हणाले होते, "आता घरात हजेरी लागणार." लग्न न केलेली, विज्ञान शिकवलेली, चष्म्याच्या वरून पाहणारी नणंद. मी घाबरले होते. माझं काय, मी बोलघेवडी. हळदीकुंकवाला, गणपतीला, शाळेच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारी. माझ्या हातात माईक दिला की तो परत घ्यायला मंडळाला दोन बाया पाठवाव्या लागतात. आणि तू तर एका वाक्यात उत्तर लिहा म्हणणारी.

पहिल्याच सकाळी तू न्हाणीतून बाहेर आलीस. केसांतून पाणी ठिबकत होतं. हातात माझी वजरी होती.

"वंदना, हे कायचं हाय?"

"वजरी हाय ना ताई. टाचा घासाची. तुमच्यासाठी नवी आणते, ती माही वापरलेली हाय."

"हे तुले कुठं भेटलं?"

मी सांगितलं. कितीतरी वर्षांपूर्वी आम्ही बाया नवरात्राच्या आधी गोधड्या धुवायला नदीवर गेलो होतो. गोधडीवर पाय देता देता हा गोटा पायाखाली आला. एका बाजूनं असा छान खडबडीत, ओळीनं उंचवटे, जणू चवडीनं उभे केलेले पापड. मी तिथंच टाच घासून पाहिली आणि पदरात बांधून आणला. बाजारात मिळते ती वजरी सहा महिन्यांत गुळगुळीत होते. ही झिजलीच नाही. माझ्या टाचा पाहून बाया विचारायच्या, कोणतं क्रीम लावतेस.

तू ऐकत होतीस. मग तू तो गोटा तोंडाशी नेलास, तुटक्या बाजूला जिभेचं टोक लावलंस आणि तसाच धरून उभी राहिलीस.

मी किंचाळले. काय करणार? ज्या वस्तूनं मी इतकी वर्षं टाचा घासल्या ती माझी थोरली नणंद चाटत होती. तुझा भाऊ ब्रश तोंडात घेऊन धावत आला. तू गोटा जिभेवरून ओढून काढलास, आणि अगदी वर्गात सांगावं तशी म्हणालीस, "चिकटते. हत्तीची दाढ हाय हे. लई जुनी. दगड झालेली."

"हत्ती?" तुझ्या भावाच्या तोंडातून फेस उडाला. "ढाणकीत?"

ते सगळं आठवलं की मला अजून हसू येतं, आणि आता हसू आलं की पाठोपाठ रडू येतं. हे असं दोन्ही एकदम होण्याला काय म्हणतात? तुला माहीत असतं.

मग तू मला शिकवलंस. मी शिकवून घेते म्हणाले नव्हते, तरी. होळी झाली की नदी उतरते, गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. सकाळी लवकर जायचं, ऊन तिरपं असताना. ऊन पाठीवर घ्यायचं, मान खाली, पाऊल हळू. राखाडी गोट्यांत काळ्या चहाच्या रंगाचं काही चमकलं की वाकायचं. चमकतो तो दाताचा वरचा थर. दगड अशा चमकीनं चमकत नाही. गाईच्या दाताच्या माथ्यावर दोन चंद्रकोरी असतात आणि मधे एक बारीक खांब. घोड्याचा दात उंच, चौकोनी, आणि माथ्यावर झालरीसारखी वळणंवळणं. मगरीचा दात मिरचीसारखा. हत्तीचा तर काय, माझ्या न्हाणीत होताच. आणि शंका आली की तुटक्या बाजूला जीभ लावायची. जुनं हाड दगड झालं तरी आत बारीक बारीक भोकं राहतात, ती जिभेचा ओलावा शोषतात आणि जीभ धरून ठेवतात. साधा दगड धरत नाही.

मी दात ओळखायला शिकले. जीभ मात्र लावली नाही. "मी नाही बाई. त्या नदीत म्हशी काय काय करतात मी पाहिलेलं आहे."

"धुऊन लाव."

"कशानं? त्याच पाण्यानं?"

तू मग माझ्या नावाची शेवटची अक्षरं गिळायचीस. "वंदे, शास्त्राले किळस नसते."

"शास्त्राले नसन. मले हाय."

काठावर कपडे धुणाऱ्या बाया आपल्याकडे पाहायच्या. एकदा एक जण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुमच्या ताई गोटे चाटून राह्यल्या. माती खावीशी वाटते काय त्यायले? मले माह्या वक्ताले असंच वाटे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं तिला काय विचारायचंय. ताई, साठी उलटलेल्या तुझ्याबद्दल! मी वाळूत बसले आणि हसून हसून माझे डोळे वाहायला लागले. तुला सांगितल्यावर तू गंभीरपणे म्हणालीस, "सांग तिले, हत्ती होणार हाय." सलीमभाऊनं ते ऐकलं, आणि मग कितीतरी दिवस तुला ऑटोत बसवताना म्हणायचा, "संभालके ताई, संभालके. दोन जीवांच्या हाय तुमी."

आणि माझी ती खोडी? सांगू का सगळ्यांना? सांगतेच. मी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतात तिथून बैलाची एक दाढ उचलली, चहाच्या चोथ्यात भिजवून काळी केली, आणि तुझ्या वाटेवर गोट्यांत नीट पेरून ठेवली. तू आलीस, थांबलीस, वाकलीस. मी तोंडात पदर कोंबला. तू दाढ उचललीस, फिरवून पाहिलीस, जीभ लावलीस आणि क्षणभरानं म्हणालीस, "हा बैल मागच्या पोळ्याले जिवंत होता. चहा मात्र चांगला हाय, विलायची टाकली का?"

त्यानंतर काही दिवसांनी मी पोळ्यांचा डबा उघडला तर सगळ्यात वरच्या पोळीवर तीच दाढ. तू समोर ताट घेऊन बसली होतीस, चेहरा असा की आत्ता प्रार्थना सुरू होईल.

हे झालं आपलं सुख. आता भांडणाकडे येते.

मागच्या उन्हाळ्यात तुला तो गोटा सापडला. मुठीएवढा, तपकिरी, एका बाजूनं तुटलेला, दुसऱ्या बाजूनं इतका झिजलेला की चमक जवळपास उडालेली. तू तो तिरप्या उन्हात धरलास आणि तुझा आवाज बदलला. "वंदे, हे पाय. बेलाचं पान दिसते का? तीन पाकळ्या?"

मी पाहिलं. मला चिखलाचा डाग दिसला.

"पाणघोडा हाय हा. पाणघोड्याच्या दाढेवर अशीच खूण असते."

"पैनगंगेत पाणघोडा?"

"होता. हत्ती होते, तसे पाणघोडे पण होते."

"उद्या म्हणशील ढाणकीच्या बाजारात जिराफ फिरायचा. ताई, हा गोटा हाय. साधा गोटा. अन् तुझा चष्मा बदलायला झालाय."

"जीभ लाव, मग बोल."

"मी नाही."

"मग बोलू नको."

ताई, तुला माहीत आहे, मला बोलू नको म्हटलेलं चालत नाही. ते भांडण वर्षभर चाललं. जेवताना, कपडे वाळत घालताना, पाहुण्यांसमोर. तू पाणघोडा म्हणायचीस, मी गोटा म्हणायचे. तुझा भाऊ त्याच्या कृषी केंद्रात आलेल्या शेतकऱ्यांना सांगायचा, आमच्या घरी पाणघोड्यावरून अबोला आहे. पण मला गोंधळात टाकलंस ते तुझ्या त्या दुसऱ्याच बोलण्यानं. एकदा, मी काही म्हणाले नव्हते तरी, तू गोटा हातात घेऊन आपणहून म्हणालीस, "नाही बी असन पाणघोडा. डुक्कर असन एखांदं. नाहीतर काहीच नसन." मला वाटलं जिंकल्यावर आनंद होईल. तसा काही झाला नाही. मला वाटलं, ही अशी का बोलते? हिला कोणीतरी हो म्हणावं असं वाटतं का? आणि मग मी म्हणाले, "ताई, मले गोटाच दिसते, पण तुमाले बेल दिसते ना, मग असन." तू चष्म्याच्या वरून पाहिलंस. "मन राखू नको. जीभ लाव."

तुझ्या मनात नेमकं काय होतं, ताई? तू खात्रीनं बोलत होतीस की मला चिडवायला? का तुला ते दात नकोच होते, तुला फक्त सकाळी नदीवर जायला सोबत हवी होती आणि गोटे हे निमित्त? मला हे वाटायचं, पण विचारलं नाही. विचारून तू 'हो' म्हणाली असतीस तर मला काय करावं सुचलं नसतं. आणि 'नाही' म्हणाली असतीस तर वाईट वाटलं असतं.

आपलं शेवटचं बोलणं तर असं होतं. दुपारची वेळ, मी वाढत होते. तू गोटा खिडकीतल्या उन्हात धरून बसली होतीस.

"वंदना, आता दिसून राह्यलं. ये लवकर."

"पोळी तव्यावर हाय."

"पोळी जळू दे. ऊन जाईन."

मी आले तोवर ऊन सरकलं होतं. मी म्हणाले, "ताई, हात धुऊन या, जेवायला वाढलंय." तू म्हणालीस, "उद्या नदीवर जाऊ. तिथं दाखवते तुले." एवढंच. दुसऱ्या सकाळी मी तुझ्या खोलीत चहा ठेवून आले आणि कप न्यायला गेले तेव्हा त्यावर साय धरली होती.

होळी व्हायची होती. नदी उतरायला लागली होती. आपला हंगाम सुरू व्हायचाच होता.

मग घर माणसांनी भरलं. मी पाणी दिलं, चहा दिला, कोण कुठं झोपेल ते पाहिलं, आणि या सगळ्यात रडायचं राहून गेलं. बाया म्हणाल्या, वंदना धीराची आहे. धीर कसला! मी मनात हिशेब लावत होते की पेटी पलंगाखालून काढून कुठं लपवावी. कारण भाऊबंदांपैकी कोणीतरी म्हणालं होतं, मेलेल्या जनावरांची हाडं घरात ठेवणं बरं नाही, बाई गेली, आता तरी काढा. तुझ्या भावानं मान डोलावली. "ताईनंच सांगितलं हाय, नदीत सोड म्हणून."

"मले तर ठेव म्हणाल्या."

"तू स्वतःच्या मनानं सांगून राह्यली."

"मी? अन् तुमी?"

दोघंही एकमेकांकडे संशयानं पाहत होतो. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो ते मोठमोठ्यानं. त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात भांडलो, कारण बाहेर माणसं होती. तेवढ्यात सलीमभाऊनं कॉलेजाचं सांगितलं आणि तुझा भाऊ डोकं धरून बसला.

मी खूप विचार केला. तू प्रत्येकाला त्याला जे अवघड तेच सांगितलंस का? तुझा भाऊ तर तुटलेली छत्रीसुद्धा टाकत नाही, त्याला सांगितलंस टाक. मी येता जाता म्हणायचे, फेका ते गोटे, झाडताना अडतात, मला सांगितलंस ठेव. सलीमभाऊ कॉलेजच्या फाटकातून आत जायला बुजतो, त्याला सांगितलंस कॉलेजात ने. की तुझंच ठरत नव्हतं? आज एक वाटायचं, उद्या दुसरं, आणि जो समोर बसला त्याला सांगून टाकलंस? मला हे दुसरं जास्त खरं वाटतं आणि त्यानंच जास्त त्रास होतो. माझी ताई आणि तिचं ठरत नव्हतं!

राख सावडून झाल्यावर अस्थी पैनगंगेतच सोडायच्या ठरल्या. तुझा भाऊ मडकं घेऊन निघाला आणि म्हणाला, पेटी पण आणा. मी पेटी उचलली आणि सलीमभाऊच्या ऑटोत जाऊन बसले. कोणीतरी म्हणालं, बाया जात नाहीत. मी म्हणाले, "मग पेटी तुमी घ्या मांडीवर." हाडांची पेटी मांडीवर घ्यायला कोणी पुढं आलं नाही. मी गेले.

आपलीच जागा, ताई. जिथं ऑटो थांबतो, जिथून बाभळीच्या मधून खाली उतरतो. गोट्यांचा पट्टा अर्धा उघडा पडला होता. तुझा भाऊ गुडघाभर पाण्यात गेला. मी पाठ करून उभी राहिले. तिकडं पाहिलं नाही. लोकांना वाटलं सहन होत नाही म्हणून. खरं सांगू? मला भीती वाटली की मडक्यातून काही पाण्यात पडताना माझी नजर सवयीनं दात शोधेल. तूच लावलेली सवय. तसं झालं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

बाकीचे लोक वर गेले. आम्ही तिघं राहिलो, तुझा भाऊ, मी, सलीमभाऊ. मधे पेटी. तुझ्या भावाचं धोतर ओलं, अंगावर काटा. त्यानं झाकण उघडलं आणि पहिली उचलली ती माझी वजरी.

"हे तर आपल्या न्हाणीतलं होतं."

"हत्ती हाय तो," मी म्हणाले.

"मले माहीत हाय. ब्रश तोंडात होता माह्या." त्यानं ती टाकली नाही. बाजूला, कोरड्या वाळूवर ठेवली. मग दुसरा दात काढला, तो तिच्या शेजारी ठेवला. मग तिसरा. त्याला टाकायचे होते ना? मग मांडत का होता? एका दातापाशी तो थांबला.

"ही गाय."

"घोडा हाय तो. झालर पहा वर."

"ताईनं मले गाय सांगतलं होतं."

"चुकीचं आठवून राह्यलं तुमाले. गाईले चंद्रकोरी असते."

सलीमभाऊ ऑटोवाला, आपल्या शिकवण्या त्यानं दुरूनच ऐकलेल्या, पण मधे पडला. "भाभी बरोबर हाय. हा घोडा. मिरची वाला मगर. ये मेरेकू पता है."

आम्ही तिघं वाळूत बसून भांडत होतो, ताई. तुझ्या अस्थी आत्ताच वाहून गेल्या होत्या आणि आम्ही घोडा का गाय करत होतो. वरून कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? पण मला त्या दिवसांत पहिल्यांदा श्वास नीट येत होता.

शेवटी कापसाच्या तळाशी तो निघाला. तुझा पाणघोडा. तुझ्या भावानं हातावर तोलला आणि त्याचा चेहरा सुटला, जणू एक तरी गोष्ट सोपी निघाली.

"हा तर गोटाच हाय. तूच म्हणत होती वर्षभर. मग हा तर सोडू. तेवढंच ताईचं ऐकल्यासारखं होईन."

हात मागं नेला त्यानं.

"थांबा!"

"काहून?"

"गोटा नाही तो. पाणघोडा हाय."

"कोण म्हणते?"

"मी म्हणते."

"तू?" तो हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "तू तर तिच्या तोंडावर म्हणत होती का चष्मा बदल. जेवण कडू करत होती. अन् आता पाणघोडा?"

"हो. बेलाचं पान हाय त्याच्यावर."

"कुठं हाय? दाखव."

मी गोटा घेतला. उन्हात धरला. ऊन सरळ डोक्यावर, काही दिसेना. मी फिरवला. डोळ्यांत पाणी होतं, त्यातून तर काहीच दिसेना. मला बेल दिसत नव्हता, ताई. खोटं बोलत नाही. चिखलाचा डागच दिसत होता. तरी मी म्हणत होते, "हे पहा ना, इथं एक पाकळी, इथं एक," आणि तुझा भाऊ म्हणत होता, "कुठं? कुठं?" माझा आवाज चढत गेला, हातवारे सुरू झाले, मी पाणघोड्यावर असं काही भाषण ठोकत होते की मंडळात टाळ्या पडल्या असत्या. आणि मधेच माझ्या लक्षात आलं की हे सगळे शब्द तुझे आहेत. मी तुझी बाजू घेऊन भांडत होते, आणि समोर माझे शब्द घेऊन तुझा भाऊ बसला होता.

तो थकला. आवाज खाली आणून म्हणाला, "जीभ लावली का तू?"

अगदी तुझ्यासारखं. वर्षभर भिंतीपलीकडून ऐकून त्याला पाठ झालं होतं.

"नाही ना?" तो म्हणाला. "मग बोलू नको."

मी गोट्याची तुटकी बाजू वर केली. पाण्यात म्हशी होत्या, दूरवर. मी तो पदरानं पुसला, डोळे मिटले आणि जीभ लावली.

चिकटली.

ताई, चिकटली म्हणजे काय, ते तू मला इतक्या वेळा सांगितलंस पण हे सांगितलं नाहीस. ते कोणीतरी बोट धरावं तसं असतं, हे सांगितलं नाहीस. थंड, कोरडं, आणि सोडत नाही.

"काय हाय?" तुझा भाऊ विचारत होता. "गोटा का दात? बोल ना!"

"भाभी, बोला ना," सलीमभाऊ.

आणि मला बोलता येईना. जिभेवर पाणघोडा. मी वाळूत बसलेले, तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि एक अक्षर फुटेना. ओढून काढला असता तर बोलता आलं असतं. मी काढला नाही.

कोरडी माती पण अशीच चिकटते, हेही तूच सांगितलं होतंस. चुनखडीचा खडासुद्धा चिकटतो. म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही. पाणघोडा, डुक्कर की चुनखडीचा खडा, मला आत्ताही माहीत नाही. मी फक्त मान हलवली. कुठल्या प्रश्नाला, तेही माहीत नाही.

तुझ्या भावानं मग वाळूवरचे दात एकेक करून कापसात परत ठेवले. घोडा घोड्यात, गाय गाईत, बरोबर. झाकण लावलं. "सलीम," तो म्हणाला, "गाडी लाव. घरी."

तू त्याला नदीत सोड म्हणाली होतीस, ते त्यानं मोडलं. सलीमभाऊचं कॉलेज अजून बाकी आहे, तो म्हणतो जबान दिली आहे, बघू. माझं तेवढं ऐकलं गेलं, पण तू मला ते खरंच सांगितलं होतंस, की त्या क्षणी शेंगा सोलताना तोंडाला आलं ते बोललीस? तुला हवं होतं तसं झालं का, ताई? मला कळत नाही. तुझी पेटी पलंगाखाली आहे. झाडताना अडते.

येताना पेटी माझ्या मांडीवर होती आणि गोटा मुठीत. ढाणकीच्या नाक्यापर्यंत मी काही बोलले नाही. शेवटी सलीमभाऊनं आरसा वळवून मागं पाहिलं, बाई जिवंत आहे ना म्हणून.

जिवंत होते. जीभ तेवढी कोरडी पडली होती.